मस्टरवरची आई आणि झोळीतलं बाळ

आजच्या भागात आपण जरा मागं, शंभर वर्षं मागं जाणार आहोत. विषय मात्र रोजचाच आहे. तान्हं मूल असलेल्या बाईला कामावर जायचं असेल, तर मूल कुठं ठेवायचं?

आपल्याकडे या प्रश्नाची उत्तरं ठरलेली आहेत. सासू धडधाकट असेल तर सासूजवळ. नसेल तर थोरल्या मुलीच्या कडेवर, मग तिची शाळा बुडाली तरी चालेल. तीही नसेल तर बांधावरच्या लिंबाला लुगड्याची झोळी बांधायची आणि खुरपता खुरपता कान तिकडं ठेवायचे. बाप काय करतो, हे कुणी विचारत नाही. आणि आपण म्हणतो, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न.

पण तो कधीच नुसता घरचा नव्हता. बाळंतपणात किती दिवस घरी राहता येईल, त्या दिवसांचे पैसे मिळतील का, कामावर पाळणा असेल का, हे सगळं कायद्यानं आणि सरकारी योजनांनी ठरत आलं आहे. कधी कायदा केल्यामुळं ठरलं, कधी न केल्यामुळं. आज हा इतिहास ऐकताना तीन प्रश्न पदराला गाठ मारून ठेवा. एक, मोजलं कुणाला? दोन, पैसे कुणी भरले? आणि तीन, सोय मुलाच्या वयाशी आणि आईच्या कामाच्या वेळेशी जुळली का?

गिरणीतली बाळगोळी

सुरुवात मुंबईच्या गिरण्यांपासून करू. १९२० च्या सुमारास तिथल्या कामगारांत साधारण पाचात एक बाई होती. कोकणातून, घाटावरून आलेल्या या बायका. सूत गुंडाळायच्या खात्यांत त्या जास्त करून असायच्या. १९२२ च्या कायद्यानं आठवड्याचं काम ६० तासांवर आणलं, म्हणजे त्याआधी ते त्याहून जास्त होतं, हे लक्षात घ्या. आठवड्याला ६० तास गिरणीत, वर पाणी, चूल, नवऱ्याचा डबा. आणि तान्हं मूल?

१९१९ साली अमेरिकेत वॉशिंग्टन शहरात जगभरच्या देशांची कामगार परिषद झाली. बाळंतिणीला कामातून सुट्टी हवी, असं तिथं ठरलं. त्या चर्चेतून मुंबई सरकारनं गिरणीतल्या बायकांची पाहणी करायला एका डॉक्टर बाईंना नेमलं. त्यांचं नाव डॉ. बार्न्स. त्या चाळींत फिरल्या, खोल्यांत गेल्या. त्यांना आढळलं, की कामावर जाणाऱ्या बहुतेक आया बाळाला अफू देत होत्या. बाजारात तिला बाळगोळी म्हणत. गोळी दिली की मूल दिवसभर गुंगीत पडून राही. रडणार नाही, भूक मागणार नाही.

आज ऐकताना अंगावर काटा येतो. पण त्या आईच्या जागी उभं राहून बघा. खोलीत दुसरं माणूस नाही, गिरणीत मूल आणायची सोय नाही, आणि खाडा केला तर पगार जातो. ती निर्दय नव्हती. तिच्यापुढं दुसरी वाट ठेवलीच नव्हती. काही गिरण्यांनी पुढं पाळणाघरं काढली, पण ती मालकाच्या मर्जीवर. मर्जीवरची सोय आणि हक्काची सोय, यांतला फरक बचत गटातल्या बाईला सांगायला नको.

आठ आणे रोज

ना. म. जोशी हे कामगारांचे पुढारी. त्यांनी १९२४ साली दिल्लीच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आणलं. ते फेटाळलं गेलं. मग १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात असंच विधेयक आलं. गिरणीमालकांच्या बाजूनं विरोध झाला. आमच्याच प्रांतात हा खर्च कशाला, असा त्यांचा सूर होता.

तेव्हा त्या सभागृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकर सभासद होते. जुलै १९२८ मध्ये त्यांनी विधेयकाच्या बाजूनं भाषण केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं, हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे. त्यामुळं हा भार खरं तर बराचसा सरकारनं उचलायला हवा, कारण लोकांचं भलं बघणं हे सरकारचं काम. पण म्हणून मालक सुटत नाही. मालक बायकांना कामावर ठेवतो ते उपकार म्हणून ठेवत नाही. पुरुषाऐवजी बाई ठेवण्यात त्याचा फायदा असतो, म्हणून ठेवतो. ज्यानं फायदा घेतला, त्यानं काही भार उचलावा.

मैत्रिणींनो, हे दोन मुद्दे मनात ठेवा. बाळंतपण हे देशाचं काम आहे, आणि त्याचे पैसे कुणी भरायचे हा प्रश्न आहे. शंभर वर्षं होत आली, आपण अजून याच दोन मुद्द्यांभोवती फिरतो आहोत.

१९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. बाळंतपणाच्या रजेचे पैसे देणारा आपल्या देशातला हा पहिला कायदा. कारखान्यात काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर मिळून काही आठवडे, रोज आठ आण्यांपर्यंत भत्ता. पुढच्याच वर्षी मध्य प्रांतात, म्हणजे नागपूरच्या बाजूला, तसाच कायदा आला. मग एकेक प्रांत आला. स्वातंत्र्यानंतर १९६१ साली साऱ्या देशाला लागू होणारा कायदा झाला आणि १२ आठवड्यांची पगारी रजा ठरली.

पन्नासाचा आकडा

रजेनंतरचा प्रश्न पाळण्याचा. १९३४ च्या कारखाना कायद्यानं प्रांत सरकारांना अधिकार दिला, की जिथं ५० हून जास्त बायका कामाला आहेत, तिथं पाळणाघर काढायला सांगावं. १९४८ च्या कायद्यात ही सक्ती झाली. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी, हवा-उजेड हवा, सांभाळायला शिकलेली बाई हवी. बाळाला दूध पाजायला आईला मधेच जाता आलं पाहिजे. १९७६ साली ५० चा आकडा ३० वर आणला. चहाच्या मळ्यांसाठी १९५१ चा कायदा, इमारतीच्या कामांसाठी १९९६ चा कायदा, त्यांतही पाळणाघराचं कलम होतं.

कागदावर हे चांगलं दिसतं. पण आपले तीन प्रश्न लावा. मोजलं कुणाला? बायकांना. पैसे कुणी भरले? त्याच मालकानं. आता मालकाचा हिशेब काय होणार? बायका ५० च्या वर गेल्या की पाळणाघर काढावं लागेल, तर ५० च ठेवू. नाहीतर मस्टरवर पुरुषच घेऊ. बाई ठेवली की भत्ता, बाई ठेवली की पाळणाघर. पुरुषाला जणू मूलच नसतं! कायद्यानं मूल फक्त आईच्या नावावर लिहिलं, आणि मालकाच्या वहीत बाई महाग झाली.

मुंबईच्या गिरण्यांतल्या बायका पुढच्या काळात कमी कमी होत गेल्या. पाचात एक असलेली बाई नंतर वीसात एकसुद्धा दिसेना. याला एकच कारण नव्हतं. नवी यंत्रं आली, त्यांच्यामुळं बायकांची खाती आटली. रात्रपाळीत बायकांना मनाई होती. पण बाईमागं पडणारा खर्च, हेही मालकांच्या हिशेबात होतंच. म्हणजे बाईच्या भल्यासाठी केलेला कायदा, पैसे भरायची रीत चुकली की बाईवरच उलटू शकतो. कायदा नको असा याचा अर्थ नाही. पैसे कुठून यावेत, हे नीट ठरवायला हवं, असा अर्थ आहे.

शाळाच अंगणात आली

हे सगळं शहरात, कारखान्याच्या आत. गावात काय होतं? गावात मस्टर नाही, मालक आज हा तर उद्या तो. कायदा तिथं पोचलाच नाही. तिथं वाट काढली ती दोन बायकांनी.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावं तुम्ही ऐकली असतील. ताराबाई १९४५ साली बोर्डीला आल्या. तेव्हा तो ठाणे जिल्हा, आता पालघर. अनुताई त्यांच्या सोबत होत्या. गावात बालवाडी काढली, तरी दलित वस्तीतली मुलं येईनात. आया कामावर, मुलं वस्तीत. मग या दोघींनी ठरवलं, मुलं आपल्याकडे येत नाहीत तर आपण त्यांच्या अंगणात जाऊ. वस्तीच्या अंगणातच त्यांनी मुलांना जमवलं, न्हाऊ-माखू घातलं, गाणी शिकवली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर सगळ्या भाषांत चालतो. त्याची मुळं या बोर्डीच्या अंगणात आहेत.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेलं. तिथं आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मोठी मुलं शाळेत का येत नाहीत? मुलगे गुरांमागं, मुली धाकट्या भावंडामागं. मग गुराखी मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. तिला कुरणशाळा म्हणत. आणि मुलींसाठी काय केलं? पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला नाव दिलं विकासवाडी. थोरली मुलगी कडेवर भावंडाला घेऊन यायची, त्याला पाळण्यात ठेवायची, आणि पलीकडं शाळेत बसायची.

बघा, पाळणाघर हे नुसतं आईसाठी नसतं. आईचं काम, तान्ह्याचं दूध आणि थोरलीची शाळा, तिन्ही एकाच दोरीला बांधलेली आहेत. एक सोडवली की तिन्ही सुटतात. आपल्यातल्या किती जणींची चौथी-पाचवी धाकट्या भावापायी सुटली, हे ज्याचं त्याला आठवत असेल.

दुष्काळाचं मस्टर

आता १९७२ सालाकडं येऊ. तुमच्या घरातल्या जुन्या बायकांना हे साल सांगावं लागत नाही. पाऊस नाही, धान्य नाही, सुकडी खाऊन काढलेले दिवस. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडायची, पाझर तलाव खणायचे, रस्ते करायचे. त्यांत बायकांचा आकडा फार मोठा होता. शेतात राबणाऱ्या कितीतरी बायकांचं नाव सरकारी मस्टरवर पहिल्यांदा लागलं ते तेव्हा. अंगठा उठवायचा आणि स्वतःच्या हातात पैसे घ्यायचे.

१९७२ सालीच वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली. १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, आणि बाई-पुरुष दोघांना कामाचा दर एकच. हिचे पैसे कुठून आले, तेही ऐका. १९७५ साली महाराष्ट्रानं व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदाराच्या, डॉक्टर-वकिलाच्या, व्यापाऱ्याच्या खिशातून दरवर्षी थोडी रक्कम, आणि ती गावातल्या हमीच्या कामासाठी. कुठल्या एका मालकाच्या डोक्यावर ओझं नाही. बाई कामावर आली म्हणून कुणाला ती महाग पडली नाही. म्हणूनच हमीच्या कामावरून बाईला कुणी हाकललं नाही. बाबासाहेबांनी १९२८ ला जे सांगितलं होतं, भार सरकारनं उचलावा, त्याचा हा एक दाखला म्हणता येईल.

पण मूल? मूल झोळीतच राहिलं. खडीच्या ढिगाशेजारी, धुळीत. २००५ साली देशभराचा रोजगार हमी कायदा झाला, तेव्हा त्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलं गेलं. कामावर प्यायचं पाणी हवं, मुलांसाठी सावली हवी, औषधाची पेटी हवी. आणि सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर कामावरच्याच एका बाईला त्यांना सांभाळायला नेमायचं आणि तिलाही मजुरी द्यायची. म्हणजे मूल सांभाळणं हे माती उचलण्याइतकंच काम आहे, हे कायद्यानं मान्य केलं. फार मोठी गोष्ट होती ही. मात्र अशी बाई नेमलेलं काम तुम्ही किती वेळा पाहिलं, ते आपापल्या गटात एकमेकींना विचारा.

अंगणवाडी ताईचं मानधन

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. देशात ३३ ठिकाणांपासून सुरुवात झाली. आज गावोगाव अंगणवाडी आहे, देशात सुमारे १४ लाख. आपल्या मुलांना खाऊ, लस, वजन, अक्षरओळख तिथंच मिळते. तिचे उपकार कुणी नाकारणार नाही.

पण तिसरा प्रश्न लावा. सोय वयाशी आणि वेळेशी जुळते का? अंगणवाडीत बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं, तीही काही तास. तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायला आहार मिळतो, बसायला जागा मिळत नाही. निंदणीला सकाळी गेलेली आई संध्याकाळी येते. मधले तास कुणाचे? आणि सगळ्यांत जास्त जपावं लागतं ते सहा महिने ते तीन वर्षं या वयात. तेच मूल वाऱ्यावर राहिलं. कारण योजना आखताना मुलाचं पोषण पाहिलं, आईच्या कामाचे तास पाहिले नाहीत.

दुसरी गोष्ट अंगणवाडी ताईची. तिला पगार नाही, मानधन मिळतं. मानधन म्हणजे मान देऊन दिलेलं धन. ऐकायला गोड. पण मान देऊन म्हटलं की कामगाराचे हक्क मागायचे नाहीत, असंच पुढं होत गेलं. दुसऱ्यांची मुलं सांभाळणारी ही बाई स्वतः मात्र कामगारात मोजली गेली नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या खटल्यात निकाल दिला, की सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या ताई संपावर गेल्या, तो संप जानेवारीपर्यंत चालला. तेव्हा गावात कुरकुर झाली असेल, अंगणवाडी बंद म्हणून. पण तेव्हाच कळलं ना, की ती ताई काय काम करते ते?

२०२२ पासून केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीतच पाळणाघर काढता येतं. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, दिवसाला साडेसात तास. वय जुळलं, वेळही बरीचशी जुळली. लक्ष्य मात्र देशभरात १७ हजारांचं. १४ लाखांत १७ हजार म्हणजे ऐंशी अंगणवाड्यांमागं एक.

सव्वीस आठवडे आणि पाच हजार

मध्यंतरी दिल्लीत एक मोठा निकाल लागला. दिल्ली महापालिकेच्या रस्त्यांवर खोदकाम करणाऱ्या रोजंदारीवरच्या बायका होत्या. त्यांचं नाव मस्टरवर, पण नोकरी पक्की नाही, म्हणून बाळंतपणाची रजा नाही. त्या भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. ८ मार्च २०००, महिला दिनाच्याच दिवशी निकाल आला. मस्टरवरच्या रोजंदार बाईलाही बाळंतपणाचा लाभ द्यायला हवा. पक्की नोकरी असो की रोजंदारी, बाळंतपणाच्या कळा वेगळ्या नसतात.

२०१७ साली १९६१ चा कायदा बदलला. पहिल्या दोन मुलांसाठी रजा १२ वरून २६ आठवडे झाली, पूर्ण पगारी. आणि एक शहाणपणाचा बदल झाला. पाळणाघरासाठी आता ५० बायका मोजायच्या नाहीत, ५० कामगार मोजायचे, बाई असो की पुरुष. ८३ वर्षांनी कायद्याला उमगलं, की मुलाला बापही असतो! पण अर्धंच उमगलं. रजेचे पैसे बहुतेक ठिकाणी अजून त्या एका मालकानंच भरायचे आहेत. आणि बापाला या कायद्यात एक दिवसाचीही रजा नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात, बाकीच्यांचं मालकाच्या मर्जीवर. पुढं २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच चौकट ठेवली आहे.

आणि मस्टरच नसलेल्या बाईला काय? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात लिहिलं आहे, की गरोदर आणि स्तनदा मातेला ६ हजारांहून कमी मिळू नयेत. २०१७ साली मातृवंदना योजना आली, ती पहिल्या मुलासाठी ५ हजारांची. २०२२ पासून दुसरी मुलगी झाली तर ६ हजार मिळतात. दवाखान्यातल्या बाळंतपणाचे पैसे त्यात धरून ६ हजार पुरे होतात, असं सरकार सांगतं.

चला, हिशेब करू. २६ आठवड्यांचे दिवस १८२. पाच हजारांना १८२ नं भागलं की येतात दिवसाला २७ रुपये. ऑफिसातल्या बाईला १८२ दिवसांचा पूर्ण पगार मिळतो, तो मिळायलाच हवा, तिच्याशी आपलं भांडण नाही. पण कांदे लावणाऱ्या बाईचं बाळंतपण दिवसाला २७ रुपयांचं कसं? २७ रुपयांत कोण घरी बसेल? म्हणून मग सव्वा महिना पुरा व्हायच्या आत ओली बाळंतीण रानात जाते.

फाटकाच्या आत, फाटकाच्या बाहेर

शेवटी आपल्या अगदी जवळचं सांगते. साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत कायदा आहे. तिथं मस्टर आहे, कामगारांची संख्या भरली तर पाळणाघराचं कलम लागतं. पण ज्या उसावर कारखाना चालतो, तो ऊस तोडणारी बाई फाटकाच्या बाहेर, फडात असते. तिचं नाव कुठंच नाही. ऊसतोडीत मोजणी कोयत्यानं होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. उचल नवऱ्याच्या नावानं, हिशेब मुकादमाकडं. दोन माणसांचं काम आणि एक नाव. मूल तर मोजणीत कुठंच नाही. ते पाचटावर, नाहीतर कोपीत थोरलीजवळ.

आणि खाडा झाला तर दंड. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. दुखणं काढून टाका म्हणजे खाडे पडणार नाहीत, अशी वेळ बाईवर यावी, हे कशाचं लक्षण आहे? गिरणीतल्या आईनं मुलाला गोळी दिली होती. इथं बाईनं स्वतःच्या पोटावर सुरी फिरवून घेतली. सुट्टी नाही, सोय नाही, की बाई आपल्या किंवा बाळाच्या देहातूनच वाट काढते.

यातही काही सुरुवात झाली आहे. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे. त्यासाठी टनामागं १० रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारनं द्यायचे ठरले. लक्षात आलं का? इथं मोजणी बाईवर नाही, टनावर आहे. बाई जास्त असो की कमी, कारखान्याला भार तेवढाच. व्यवसाय करासारखीच ही सामाईक पैशाची रीत. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहंही निघाली. शाळेतलं मूल तिथं राहील. पण दोन वर्षांचं मूल वसतिगृहात कसं राहील? त्याला फडाशेजारी पाळणाच हवा.

आपण काय करायचं?

तर मैत्रिणींनो, शंभर वर्षांचा हिशेब असा आहे. जिच्या नावाचं मस्टर होतं, तिला काहीतरी मिळालं. जिथं पैसे सगळ्यांच्या सामाईक खिशातून आले, तिथं बाईचं काम गेलं नाही. जिथं एकट्या मालकावर आणि एकट्या आईवर भार टाकला, तिथं बाई कामावरून गेली. आणि यातलं काहीच आपोआप आलं नाही. कुणीतरी चाळीत फिरलं, कुणी सभागृहात बोललं, कुणी न्यायालयात गेलं, कुणी संपावर बसलं.

पुढच्या गटाच्या बैठकीत हप्ता गोळा झाला की अर्धा तास यासाठी ठेवा. गावात तीन वर्षांखालची मुलं किती, आणि त्यांच्यातल्या किती जणांची आई मजुरीला जाते, याची यादी करा. यादी करणं म्हणजे आपलं आपण मस्टर लिहिणं. रोजगार हमीचं काम निघालं, तर ग्रामरोजगार सेवकाला विचारा, मुलं सांभाळायला कुणाला नेमलं? आजचा नियम काय, तो लेखी मागा. ग्रामसभेत विकास आराखडा ठरतो, त्यात अंगणवाडीला जोडून पाळणाघराची मागणी लिहून द्या. लेखी द्या, पोच घ्या. अंगणवाडी ताईला बैठकीला बोलवा, ती तुमच्या विरुद्ध नाही, तुमच्यासोबतची कामगार आहे.

आणि एक मागणी घरातही करायची आहे, तिला ग्रामसभेचा ठराव लागत नाही. तुम्ही बैठकीला याल तेव्हा मूल त्याच्या बापाजवळ ठेवून या.

पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. तुमच्या गावची यादी झाली असेल तर केंद्रावर कळवा, आपण ती इथं वाचून दाखवू. नमस्कार.